वाकडी रेघ

दिवाळीच्या सुट्टीत सहा वर्षांची भाची राहायला आली होती. शेजारच्या आजींना आणि वॉचमनकाकांना द्यायला आम्ही पणत्या रंगवायला घेतल्या. कुंभाराकडून डझनभर साध्या पणत्या आणल्या, रात्रभर पाण्यात भिजवल्या (म्हणजे त्या तेल कमी पितात) आणि उन्हात वाळवल्या. पोस्टर कलर घरात होतेच. सगळा खर्च एका पिझ्झापेक्षा कमी.

संध्याकाळपर्यंत तिच्या नऊ रंगवून झाल्या. ती झोपल्यावर मी तिच्या वाकड्या रेघा सरळ केल्या. दिवसभर इतरांचा कोड तपासायची सवय. चूक दिसली की हात शिवशिवतात.

सकाळी तिने एक पणती फिरवून फिरवून पाहिली. म्हणाली, "मामा, ही तुझी आहे. माझी कुठंय?"

पणती तर आधीपेक्षा छान दिसत होती. मग बिघडलं काय? फ्रेंच विचारवंत मार्सेल मॉस यांनी १९२५ च्या त्यांच्या निबंधात मांडलंय, की भेटीबरोबर देणाऱ्याचा अंशही जातो. तिचा तो अंश त्या वाकड्या रेघेत होता आणि मी नेमका तोच पुसला. का? तर पणती विकतची वाटावी म्हणून. स्वस्त भेटीची लाज मला वाटत होती, तिला नाही. मदतीच्या नावाखाली मी तिला माझी लाज देत होतो.

मी सॉरी म्हणालो. उरलेल्या तीन पणत्या तिने एकटीने रंगवल्या आणि त्याच वाटल्या. मी फक्त वाती वळल्या.