शिंपल्याची साक्ष

जे विधान पुढे खरे ठरले, ते करणारा मनुष्य खरे बोलला असे म्हणावे काय? तर्कशास्त्राच्या वर्गात हा प्रश्न आम्ही पुष्कळ वर्षे घातला. परंतु तो आमच्याच गळ्यात पडेल असे कधी वाटले नव्हते.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी वैशाखात आम्ही भंडारा जिल्ह्यात साकोलीकडे एका विद्यार्थ्याच्या घरी उतरलो होतो. सायंकाळी कोहळ्यांनी बांधलेल्या जुन्या तळ्याच्या पाळीवर बसलो असता त्याने नागपूरजवळच्या टाकळीहून आणलेला एक दगड पुढे केला. त्यात अंगठ्याएवढा शंख रुतलेला होता. "सर, म्हणजे आपल्याकडे पूर्वी समुद्र होता ना?" आम्ही तत्काळ "होय" म्हटले. त्याची आजी म्हणाली, "अगस्तीनं प्यायला तोच असंल." आम्ही सारे हसलो.

नागपुरास परतल्यावर ग्रंथ उघडले, तेव्हा हसू मावळले. टाकळीचे हे शंख स्टीफन हिस्लॉप या मिशनरी विद्वानाने गोळा करून 1860 साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले होते. त्यांतील फायसा हा डावीकडे वळणारा शंख गोड्या पाण्याचा. दख्खनचा लाव्हा थरांवर थर पसरत असताना, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, मधल्या विश्रांतीच्या काळात जी तळी साचली, त्यांतील ही गोगलगाय. समुद्राशी तिचा संबंध नाही. आणि लाजेची गोष्ट ही, की त्या आटलेल्या तळ्याच्या चिखलात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे पांढरे शंख आमच्या पायांखालीच चुरत होते. ते हातात घेऊन पाहावे, एवढेही आम्हांस सुचले नाही.

ही चूक क्षुल्लक नव्हे. 1947 साली हॅरल्ड युरी या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने दाखविले की, शिंपल्याच्या चुन्यातील जड व हलक्या प्राणवायूच्या प्रमाणावरून त्या काळच्या पाण्याची उष्णता काढता येते. पाणी जितके थंड, तितका जड प्राणवायू अधिक. परंतु मूळ पाण्यातले प्रमाण आधी ठाऊक पाहिजे. समुद्रात ते बरेच स्थिर असते. तळ्यात मात्र बाष्पीभवनाने जड अंश वाढतो, पावसाने बदलतो. तळ्याच्या शंखास समुद्राचा मानले, तर उन्हाने आटलेले पाणी आपण थंड म्हणून वाचू. साक्षीदार खरेच बोलतो, परंतु त्याचे गाव आपण चुकीचे लिहून घेतलेले असते.

येथवर प्रकरण सोपे होते. पुढे 2009 साली छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथील अशाच थरांत समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म एककोशीय जीवांची कवचे सापडल्याचे संशोधकांनी प्रसिद्ध केले. मोहगावकलानला निपा या खाडीकाठच्या ताडाची अश्मीभूत फळे पूर्वीच मिळाली होती. समुद्राची एखादी भुजा आत शिरली असावी. ती नर्मदेच्या वाटेने की गोदावरीच्या, याविषयी मतभेद आहेत. भंडाऱ्याचा बहुतेक खडक याहून पुष्कळ जुना असल्यामुळे तेथील भूमी यावर काही बोलत नाही.

तो विद्यार्थी आता स्वतः शिक्षक आहे. त्याने आनंदाने लिहिले, "सर, तुमचा समुद्र सापडला!"

धुक्याला धूर समजून "पर्वतावर अग्नी आहे" म्हणावे, आणि तेथे खरोखरच अग्नी निघावा, ही अडचण आपल्या नैयायिकांना चांगली ठाऊक होती. त्यास आम्ही ज्ञान म्हणत नाही. आमचे "होय" त्याच जातीचे. किडा लाकूड पोखरतो आणि एखादे अक्षर उमटते, तसे. सोयीचा योगायोग पदरात पाडून घेण्याचा मोह मात्र आम्हांस झाला, हे कबूल केले पाहिजे. विद्यार्थ्याच्या मनातील आमची प्रतिमा त्यामुळे अधिकच उजळली असती.

आम्ही उत्तर धाडले की, झिलमिलीचा समुद्र आमचा नव्हे. त्या संध्याकाळचे आमचे "होय" आम्ही परत घेत आहो. आणि तुमच्या विद्यार्थ्यांस दगड दाखवाल तेव्हा तळ्यातील गोगलगायीचा एक शंखही शेजारी ठेवा.