श्रोत्याचे येणे

अपेक्षाभंग हा शब्द आपण व्यवहारात इतक्या सैलपणे वापरतो की, त्याच्या पोटात दोन अगदी भिन्न गोष्टी दडलेल्या आहेत याचे भान सहसा राहत नाही. मृगाचा पाऊस पडेल असे वाटले होते व तो पडला नाही, हा एक अपेक्षाभंग; शेजाऱ्याने पेरणीस बैलजोडी देतो म्हणून शब्द दिला व ऐन वेळी तो फिरविला, हा दुसरा. पहिल्यात आपण केवळ दुःखी होतो. दुसऱ्यात आपल्यावर अन्याय झालेला असतो. पहिल्या ठिकाणी दैवाला बोल लावून माणूस गप्प बसतो. दुसऱ्या ठिकाणी त्याला दाद मागण्याचा हक्क पोचतो. कलेच्या प्रांतात मात्र या दोहोंची सरमिसळ फार होते. कार्यक्रम रंगला नाही म्हणून चडफडत घरी परतणारा श्रोता दुःखी असतो की नाडलेला असतो? कलावंताकडे त्याचे काही येणे राहिले काय, आणि राहिले असल्यास ते कोणते?

हा प्रश्न मी अशा एका संगीताच्या संबंधाने मांडणार आहे की, ज्याचे नाव काढताच कित्येक वाचक कानांवर हात ठेवतील. रॉक, व त्याहूनही कर्कश म्हणून प्रसिद्ध असलेले मेटल, हे ते संगीत होय. १९७० साली बर्मिंगहॅमसारख्या कारखान्यांच्या शहरातील ब्लॅक सॅबथ या मंडळीने ज्याचा पाया घातला, ते हे संगीत आता लोहा-कंधारकडील तरुणांच्या खिशातील फोनमध्ये येऊन बसले आहे. ते चांगले की वाईट, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. ज्या तरुणाने एखाद्या मंडळीचे गाणे अन् गाणे मुखोद्गत केले, तिकिटासाठी महिनोन् महिने पैसा साठविला, नांदेडहून रात्रभर गाडीत बसून मुंबई गाठली, आणि मैदानाच्या पार मागच्या टोकास उभे राहून ज्याच्या कानी केवळ ढोलाची धडधड पडली, त्याची निराशा हसण्यावारी नेण्याजोगी खास नाही. भक्ती जितकी निर्भेळ तितकी निराशा कडू. कळसाचे दर्शन घेऊन तृप्त मनाने माघारी फिरणाऱ्या वारकऱ्याचे समाधान या तरुणास साधत नाही, हे खरे. पण वारकऱ्याने तिकीट काढलेले नसते, हेही विसरून चालणार नाही.

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार करणारा एक स्वतंत्र अध्यायच आहे, आणि प्रयोग बिघडविणाऱ्या ‘घातां’चे त्याने चार वर्ग पाडले आहेत. वारा, पाऊस, अग्नी यांनी होणारा तो दैवी घात. भूकंप, उल्कापात अशांनी होणारा तो औत्पातिक. मत्सरी किंवा दुष्ट लोकांनी आरडाओरड करून, ढेकळे फेकून केलेला तो परकृत. आणि नटाच्या स्वतःच्या विसराळूपणातून, बेपर्वाईतून उद्भवलेला तो आत्मसमुत्थ. या वर्गीकरणात केवळ टापटीप नाही, तर एक नीतिविचार आहे. श्रोत्याचा तोटा सर्व प्रकारांत सारखाच होतो, तथापि दोष सर्वत्र सारखा नसतो. तोट्याच्या मोठेपणावरून अपराधाचे मोजमाप करता येत नाही, हा न्यायाचा पहिला धडा भरताने रंगभूमीच्या निमित्ताने देऊन ठेवला आहे.

याचे जिवंत उदाहरण ८ ऑगस्ट १९९२ रोजी कॅनडातील मॉन्ट्रियल शहरी घडले. एकाच क्रीडांगणात, एकाच रात्री, मेटॅलिका व गन्स अँड रोझेस अशा दोन नामांकित मंडळींचे कार्यक्रम होते. मेटॅलिकाचा गायक जेम्स हेटफील्ड रंगमंचावरील दारूकामाच्या ज्वाळेत सापडून भाजला व कार्यक्रम तेथेच थांबला. त्यानंतर गन्स अँड रोझेस ही मंडळी बराच उशीर करून आली, आणि तिचा गायक ॲक्सल रोझ आवाजाची तक्रार सांगून ठरल्या वेळेपूर्वीच निघून गेला. लोक खवळले, दंगल उसळली, नासधूस झाली. तिकिटाच्या हिशेबाने पाहिले तर दोन्ही वेळा श्रोत्यांचा माल अर्धाच पोचला. परंतु पहिल्या मंडळीवर कोणी रागावले नाही. हेटफील्ड तर थोड्याच दिवसांत, हातास पट्ट्या बांधलेल्या स्थितीत, वादन दुसऱ्याकडे सोपवून पुन्हा गावयास उभा राहिला. रोझचा घसा खरोखरच बिघडला असेल तर त्यालाही दैवाच्या सदरात काही सूट दिली पाहिजे. पण उशीर हा घशाचा विकार नव्हे. आपण ताटकळत आहो याची वरच्या माणसाला पर्वा नाही, ही जाणीव श्रोत्यांच्या जिव्हारी लागली.

यावर कोणी म्हणेल की, बेपर्वाईचे राहू द्या. बहुसंख्य श्रोते निराश होतात ते याहून साध्या कारणाने. फोनवर ऐकले तसे मैदानात ऐकू आले नाही, एवढेच. हा आक्षेप महत्त्वाचा आहे. ध्वनिमुद्रणाने श्रोत्याच्या कानाला एक विलक्षण सवय लावली आहे. हिंदुस्थानात १९०२ साली ध्वनिमुद्रणास आरंभ झाला. पुढे बालगंधर्वांच्या तबकड्या गावोगाव पोचल्या, आणि ज्यांनी त्यांचे नाटक कधी पाहिले नाही त्यांनाही त्यांची पदे हरकतींसह पाठ झाली. तबकडी तीन-साडेतीन मिनिटांची, नाटकातले पद मात्र ‘वन्स मोअर’च्या गजरात अर्धा-अर्धा तास चालावयाचे. हल्लीच्या मुद्रणात तर प्रत्येक वाद्य निराळे घेऊन, चुकले ते पुन्हा वाजवून, एकावर एक थर चढविलेले असतात. अशा गाण्याची जागच्या जागी झालेल्या गाण्याशी तुलना करणे म्हणजे छायाचित्रकाराने सुधारून दिलेल्या चेहऱ्याशी समोरचा चेहरा ताडून पाहण्यासारखे आहे.

परंतु येथे एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. श्रोत्याला जर खरोखर मुद्रणाचीच हुबेहूब प्रतिकृती हवी असती, तर गायकाने नुसते ओठ हलवावेत व यंत्रातून मूळ मुद्रण वाजावे, यासारखा निर्दोष कार्यक्रम दुसरा कोणता? प्रत्यक्षात याच प्रकाराचा त्याला सर्वांत अधिक संताप येतो. १९९० साली मिली व्हॅनिली या जोडीने स्वतः गाणे म्हटलेच नव्हते असे उघडकीस आले, तेव्हा तिला मिळालेले ग्रॅमी पारितोषिक काढून घेण्यात आले. १० मे २०१७ रोजी नवी मुंबईत जस्टिन बीबर या गायकाचा कार्यक्रम झाला, तेव्हाही अनेक गाण्यांत केवळ ओठ हलत होते अशी तक्रार पुष्कळांनी केली. कान तृप्त झाले असताही मन फसविले गेले असे का वाटावे? याचे उत्तर एकच संभवते. श्रोता गेला होता तो आवाज ऐकण्यासाठी नव्हे; आवाज त्याच्या घरी होताच. एक जिवंत माणूस त्या क्षणी, चुकण्याची जोखीम पत्करून, आपल्यादेखत काही करीत आहे, याचे साक्षी होण्यासाठी तो गेला होता. जेथे चुकणे अशक्य करून ठेवले तेथे साक्षीला अर्थच उरत नाही.

ही गोष्ट मान्य केली म्हणजे तिचा परिणामही मान्य करावा लागतो. चुकण्याची शक्यता हा जर सौद्याचा एक भाग असेल, तर कलावंत एखाद्या रात्री खरोखरच चुकला म्हणून आपला सौदा मोडला असे म्हणता येणार नाही. बेसूर लागलेली तान हे आपले दुर्दैव असेल, आपल्यावरील अन्याय नव्हे. तीच गोष्ट निवडीच्या स्वातंत्र्याची. आयर्न मेडन या मंडळीने २००६ च्या दौऱ्यात आपली नवी गाणी आरंभापासून अखेरपर्यंत ओळीने वाजविली, आणि जुन्या गाण्यांसाठी आलेले पुष्कळ लोक हिरमुसले. आपल्याकडे कुमार गंधर्व क्षयाच्या दीर्घ दुखण्यातून उठून नव्या ढंगाने गाऊ लागले, तेव्हा ज्यांना बालवयातील कुमारच हवे होते अशा रसिकांचीही निराशा झाली. पण कलावंताने आपली कालची नक्कल करीत राहावे, असे कोणते ऋण त्याने आपल्याकडून घेतलेले असते? तेव्हा श्रोत्याचे येणे माझ्या मते तीन गोष्टींपुरतेच आहे: कलावंताने खोटे करू नये, आपल्या वेळेची बूज राखावी, आणि अंगात असेल तितके त्या रात्री ओतावे. आनंद हा या तिहींतून उपजला तर उपजतो. त्याची हमी देणारा व घेणारा, दोघेही भ्रमात असतात.

आता एक शंका अशी येईल की, हे तत्त्वज्ञान पोट भरलेल्याचे आहे. ज्याच्या घरी सोयाबीनचे पैसे हाती यावयाचे आहेत, अशा मुलाला ‘जोखीम हाच आनंदाचा पाया’ असे सांगणे म्हणजे जखमेवर श्लोक बांधणे होय. शंका रास्त आहे. म्हणूनच कलावंताचा हिशेब व आयोजकाचा हिशेब या दोन वह्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. ध्वनिक्षेपण स्वच्छ असणे, शेवटच्या रांगेपर्यंत ते पोचणे, पिण्याचे पाणी, सुरक्षित वाट, कार्यक्रम न झाल्यास विनातक्रार पैसे परत, हे सर्व साध्या व्यवहाराचे देणे आहे. त्यात कलेचे गूढ काहीएक नाही. २८ ऑक्टोबर २०११ रोजी तेव्हाच्या गुडगावात मेटॅलिकाचा हिंदुस्थानातील पहिला कार्यक्रम व्हावयाचा होता. ताटकळलेल्या जमावास सुरक्षिततेच्या कारणावरून तो पुढे ढकलल्याचे सांगण्यात आले. लोक रंगमंचावर चढले, सामानाची मोडतोड झाली, अखेर कार्यक्रम रद्द झाला व आयोजकांपैकी काहींस अटक झाली. दोनच दिवसांनी त्याच मंडळीने बंगळूर येथे कार्यक्रम केला. जे लोक गुडगावहून रिकाम्या हातांनी परतले ते नाडलेलेच होते. मात्र त्यांचे येणे गिटारवाल्याकडे नव्हते. आणि ज्यांनी रंगमंच मोडला त्यांनी तर ते भलत्याच्याच खात्यातून वसूल केले.

श्रोत्याच्या हक्कास मर्यादा कोठे घालावी, हे ठरविताना मला दुसऱ्या बाजूचा एक प्रसंग नेहमी आठवतो. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस किर्लोस्कर मंडळीच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग होता, आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही. ते भामिनीची भूमिका घेऊन उभे राहिले. शंभरांहून अधिक वर्षे आपण ही कथा आदराने सांगत आलो. पण त्या रात्रीच्या प्रेक्षकांना तो प्रयोग मागण्याचा हक्क होता काय? होता असे म्हणावे, तर प्रेक्षकांना मायबाप म्हणण्याची आपली रीत ही सावकारी ठरते. नव्हता, म्हणूनच ते कृत्य थोर. जे देणे नसता दिले जाते त्याला दान म्हणतात, आणि रंगभूमीवरील सर्वोत्तम क्षण हे बहुधा दानाच्या जातीचे असतात. दानाची सवय लागलेला याचक पुढे त्यालाच आपले येणे समजू लागतो. निराश श्रोत्याच्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ येथे आहे.

शेवटी श्रोत्याच्याही पदरात काही माप घातले पाहिजे. अभिनवगुप्ताने रसास्वादाची जी सात विघ्ने सांगितली, त्यांत प्रतीतीच्या साधनांचे वैकल्य हे एक आहे. मैदानातील फुटके ध्वनिक्षेपण त्यात येईल. पण आपल्याच सुखदुःखांनी विवश होऊन बसणे, हेही त्यांतील एक विघ्न आहे, आणि ते कोणताही आयोजक दूर करू शकत नाही. आपण येथे होतो एवढे पुढे दाखविता यावे म्हणून सारा वेळ फोन उंच धरणारा मनुष्य स्वतःचा रसभंग तर करतोच, पण मागच्याचीही दृष्टी अडवितो. भरताच्या परकृत घातास आता ढेकळांची गरज राहिलेली नाही.

मला वाटते, या निराशेच्या कडवटपणाचे खरे कारण तिच्या एकटेपणात आहे. लोहा तालुक्यातील माळेगावी मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तेथे तमाशाचे फड लागतात, लावणी होते. एखाद्या रात्री फड पडतो, लोक शिट्ट्या मारतात, शिव्याही देतात, आणि पुढच्या साली तेच लोक त्याच तंबूत येऊन बसतात. तेथे निराशा ही एका दीर्घ संबंधातील एक रात्र असते. मुंबईतील रंगभवनात स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास आपल्याकडील रॉक मंडळ्यांचे जे कार्यक्रम १९८० नंतरच्या दशकात सुरू झाले, त्यांतील श्रोत्यांनाही असा संबंध थोडाफार लाभला होता. शांतता-क्षेत्राच्या नियमाने ते स्थान त्यांच्या हातून गेले. ज्याला दहा वर्षांतून एकच रात्र मिळते त्याने त्या एका रात्रीवर साऱ्या दहा वर्षांचा भार घालावा, यात नवल नाही; पण कोणतीही रात्र तेवढा भार पेलीत नाही. माणसाला वारंवार, जवळून, अल्प खर्चात जिवंत गाणे ऐकावयास मिळाले पाहिजे, मग ते कोणत्याही जातीचे असो. ज्याने दहा पडलेल्या रात्री सोसल्या आहेत, त्यालाच अकरावी रात्र रंगते तेव्हा आपल्याला काय मिळाले हे नेमके कळते. आणि ते आपले येणे नव्हते, हेही.