खारघरची प्रयोगशाळा आणि जमालगोट्याचे तेल

पनवेल महापालिकेच्या हद्दीत, खारघरला, टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संस्था आहे. १९५२ साली परळला सुरू झालेले कर्करोग संशोधन केंद्र, जिथे कमल रणदिवे यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली, ते २००२ मध्ये इथे हलले. एकाच आवारात रुग्णालय आणि मूलभूत संशोधन नांदत असले की एक प्रश्न हमखास विचारला जातो: रुग्णांना खाटा मिळत नसताना पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध रेणूंचा, म्हणजे लिपिडांचा, अभ्यास करायला पैसा आणि माणसे कशाला गुंतवायची? प्रश्न रास्त आहे. पण पेशीतला संदेश अर्धवट समजून घेऊन औषध बनवले, तर त्या अर्धवटपणाची किंमत शेवटी रुग्णच मोजतो. जमालगोट्याचा इतिहास हेच दाखवतो.

जमालगोटा म्हटले की आपल्याला जुलाब आठवतात. कर्करोगाच्या अभ्यासकांना मात्र आठवते ते उंदराच्या कातडीवर चोपडलेले त्याचे तेल. आधी कर्करोगजनक रसायनाची अगदी थोडी मात्रा द्यायची आणि मग हे तेल पुन्हा पुन्हा लावत राहायचे, की गाठी उठतात, असे १९४० च्या दशकात आयझॅक बेरेनब्लम यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवले. तेलातला गुन्हेगार म्हणजे फॉरबॉल एस्टर. तो नेमके काय करतो हे कळायला १९८२ उजाडले. पेशीला बाहेरून निरोप आला की आवरणातले एक लिपिड तोडले जाते. त्याचा डायॲसिलग्लिसरॉल नावाचा तुकडा आवरणातच राहतो, ‘प्रोटीन कायनेज सी’ या विकराला तिथे बोलावून जागे करतो आणि थोड्याच वेळात नाहीसा होतो. फॉरबॉल एस्टर या तुकड्याचे सोंग घेतो, पण लवकर नाहीसा होत नाही, हे जपानमध्ये यासुतोमी निशिझुका यांच्या प्रयोगशाळेने सिद्ध केले. निष्कर्ष सरळ वाटला. गाठ वाढवणारे रसायन ज्या विकराला जागे करते, तो विकरच कर्करोगाला खतपाणी घालत असणार; तेव्हा त्याला रोखा. पुढे तशी औषधे तयार झाली, रुग्णांवर चाचण्या झाल्या आणि त्या फसल्या. २०१५ मध्ये ॲलेक्झांड्रा न्यूटन यांच्या गटाने रुग्णांच्या गाठींत आढळलेली या विकरातली उत्परिवर्तने तपासली, तेव्हा बहुतेकांत विकर दुबळा किंवा निकामी झालेला दिसला. शिवाय फॉरबॉल एस्टर फार काळ राहिला की पेशी तो विकरच मोडीत काढते, हेही ठाऊक होतेच. आरोपी म्हणून ज्याला धरले तो पहारेकरी निघाला. १९८२ चे रसायनशास्त्र चुकीचे नव्हते. त्याचा अर्थ लावण्यात घाई झाली होती.

यावर कोणी म्हणेल, हे सगळे जपान-अमेरिकेत झाले, तर त्यांनाच करू द्या. आपण तयार औषध घ्यावे. पण औषध तयार मिळाले तरी ते घेणारे शरीर इथले असते. पीआय-३ कायनेज हा दुसरा लिपिड-विकर घ्या. १९८८ मध्ये लुईस कँटली यांच्या गटाने त्याची विलक्षण रासायनिक क्रिया ओळखली, २००४ मध्ये कर्करोगात त्याच्या जनुकाची उत्परिवर्तने सापडली आणि २०१९ मध्ये अल्पेलिसिब या औषधाला अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या विशिष्ट रुग्णांसाठी परवानगी मिळाली. निर्णायक चाचणीत असे उत्परिवर्तन असलेल्या रुग्णांमध्ये रोग न बळावता गेलेल्या काळाचा मध्यक ५.७ महिन्यांवरून ११ महिन्यांवर गेला. मात्र सुमारे ६४ टक्के रुग्णांच्या रक्तातली साखर वाढली, कारण इन्सुलिनचा निरोपही याच विकरामार्फत पोचतो. साखर वाढली की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते आणि ते गाठीतला रोखलेला विकर पुन्हा चालू करते, असे २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले. २०२३ च्या आयसीएमआरच्या अंदाजानुसार दहा कोटींहून अधिक मधुमेही ज्या देशात आहेत, तिथे ही तळटीप राहत नाही. या रुग्णांत औषध किती चालेल, सोबत काय द्यावे, हे दुसऱ्या देशातली प्रयोगशाळा आपल्या सोयीने कशाला शोधेल?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्याकडे तोंडाचा कर्करोग प्रामुख्याने तंबाखू-सुपारीने होतो. कारण माहीत असताना रेणू कसले शोधता? तंबाखू सोडवणे हेच पहिले काम, याबद्दल दुमत नाही. आणि लिपिड संशोधनाच्या नावावर खपणारे सगळेच मोलाचे असते असेही नाही. बशीतल्या पेशींवर कसला तरी अर्क ओतून ‘कर्करोगावर उपाय सापडला’ अशी बातमी देणारे थोडे नाहीत. पण ज्याला रोग झालेलाच आहे त्याला प्रतिबंधाचा उपदेश पुरत नाही. ॲक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची जनुकशास्त्राची राष्ट्रीय संस्था यांच्या चमूने २०१३ मध्ये गाल-हिरडीच्या कर्करोगाची जनुकीय पाहणी प्रसिद्ध केली. त्यात वारंवार बदललेल्या नव्या जनुकांत ‘यूएनसी-१३-सी’ हे एक होते. या कुटुंबातली प्रथिने डायॲसिलग्लिसरॉलला चिकटतात आणि चेतापेशींमध्ये रासायनिक संदेश बाहेर सोडायला मदत करतात. गालाच्या अस्तरात त्यांचा संबंध काय, उत्परिवर्तनाने ते काम बिघडते की वाढते, की ते नुसतेच सोबत आलेले आहे, हे ठरल्याखेरीज त्यावर औषध शोधायला निघणे म्हणजे पुन्हा १९८२ नंतरचीच वाट धरणे. हा रोग घेऊन येणारे रुग्ण खारघरच्या आवारात रोज असतात, आणि हा तपास करायला त्याहून सोयीची जागा दाखवणे कठीण आहे.