उसनी ताकद



बिडी, मशेरी आणि गुटख्याचे दुष्परिणाम आपल्याला पाठ आहेत. पण आज आपल्या युवक-युवतींच्या मनात जो प्रश्न आहे, तो जरा वेगळा आहे. ते विचारतात, "निकोटिनने लक्ष लागते, भूक कमी होते, वजन आटोक्यात राहते, खेळाआधी तरतरी येते. वेपमध्ये तर धूरसुद्धा नाही. मग त्यात वाईट काय?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'ते वाईटच आहे' एवढ्या उत्तराने कोणाचे समाधान होणार नाही. म्हणून आपण त्याचा शांतपणे विचार करू या.

प्रथम जे खरे आहे ते मान्य करू या. श्वासावाटे घेतलेले निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. शरीरात ॲड्रेनालिन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो. थोडा वेळ लक्ष एकाग्र होते आणि भूक मंदावते. खेळाडूंना हे ठाऊक आहे. इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलपटूंची एक पाहणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात जवळजवळ पाचातला एक खेळाडू ओठाखाली निकोटिनची पुडी ठेवणारा निघाला. खेळातील उत्तेजकांवर लक्ष ठेवणाऱ्या 'वाडा' या जागतिक संस्थेने २०१२ सालापासून निकोटिनवर देखरेख ठेवली आहे, मात्र त्यावर बंदी घातलेली नाही. वेपमध्ये काही जळत नाही, त्यामुळे सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्यात जवळजवळ नसतो, हेही खरे. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. सिगारेट ओढणाऱ्याला धावताना लवकर धाप लागते, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

हे सारे आम्ही मुद्दाम सांगत आहोत. खोटी भीती घालून केलेला उपदेश फार काळ टिकत नाही. अमेरिकेत २०१९ साली वेप ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या गंभीर आजाराची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०० हून अधिक लोकांना इस्पितळात दाखल करावे लागले आणि ६८ जण दगावले. त्या साथीचा संबंध प्रामुख्याने गांजाच्या अर्कात मिसळलेल्या 'व्हिटॅमिन ई ॲसिटेट' या पदार्थाशी आढळला. तो दोष निकोटिनच्या माथी मारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण त्यातून एक धडा नक्की मिळतो. चोरट्या मालात काय भरले आहे, हे विकणाराही सांगू शकत नाही. आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. म्हणजे इथे हातात पडणारे प्रत्येक वेप चोरट्या वाटेनेच आलेले असते.

आता दुसरी बाजू पाहू या. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि नाडी आधीच वाढलेली असते. म्हणजे तेवढ्याच धावण्यासाठी हृदयाला जास्त राबावे लागते. वेपच्या वाफेने श्वासनलिकेचा दाह होतो. निकोटिनमुळे दमसास वाढतो का, याविषयीच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. सरावाने जे मिळते ते निकोटिनने मिळत नाही, हे मात्र निश्चित.

पण खरा नैतिक प्रश्न याच्याही पुढचा आहे. निकोटिनची सवय जडली की मेंदू त्यावाचून अस्वस्थ होतो. चिडचिड होते, लक्ष उडते. मग पुन्हा एक झुरका घेतला की बरे वाटते, आणि माणूस म्हणतो, "बघा, किती फायदा झाला!" वास्तविक त्या फायद्याचा मोठा भाग म्हणजे निकोटिनने स्वतःच निर्माण केलेली उणीव तात्पुरती भरून निघणे होय. एखाद्या सावकाराने आपल्याच घरातले धान्य उचलून न्यावे आणि तेच आपल्याला व्याजाने द्यावे, तशातला हा प्रकार आहे. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये ही सवय अधिक लवकर आणि अधिक घट्ट जडते.

ॲरिस्टॉटल म्हणतो की सद्गुण हा सवयीने अंगी बाणतो. धैर्याची कृत्ये करत करत माणूस धैर्यवान होतो. मग व्यायाम ही सवय आणि निकोटिन हीही सवयच. दोघांत फरक काय? फरक असा, की रोज पहाटे धावणाऱ्याला सहा महिन्यांनी काल जे जमत नव्हते ते जमू लागते. त्याचे स्वातंत्र्य वाढते. निकोटिन घेणाऱ्याला सहा महिन्यांनी, काल ज्याच्यावाचून सहज जमत होते तेही जमेनासे होते. त्याचे स्वातंत्र्य आटते. कोणतीही सवय जोखायची असेल, तर आपण तिला हा एकच प्रश्न विचारावा: तू मला मोकळे करतेस की बांधतेस?

वजनाचेही तसेच आहे. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत 'लकी स्ट्राइक' सिगारेटच्या जाहिराती स्त्रियांना गोड पदार्थाऐवजी सिगारेट उचलायला सांगत होत्या. सडपातळ दिसण्याचे आमिष तेव्हाही होते, आजही आहे. निकोटिनने भूक दबते, पण धूम्रपान करणाऱ्यांच्या पोटावर चरबी साठण्याकडे कल असतो. धूम्रपान सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलो वजन वाढते, आणि या भीतीने अनेकजण सोडायला धजत नाहीत. त्यांना आपण सांगायला हवे, की सोडल्याने होणारा लाभ त्या चार-पाच किलोंपेक्षा कितीतरी मोठा आहे.

उपवासकाळात आपणही भुकेला सामोरे जातो. पण उपवास करणारा आपली भूक जाणतो, ती सोसतो आणि तिच्यावर ताबा मिळवतो. निकोटिन भूक बधिर करते, तिथे ताबा मिळवायला कोणी उरतच नाही. ख्रिस्तसभेची शिकवण संयमाला सद्गुण म्हणते आणि अन्न, मद्य व तंबाखू यांच्या अतिरेकापासून दूर राहायला सांगते. पोप फ्रान्सिस यांच्या निर्णयाने २०१८ पासून व्हॅटिकनमध्ये सिगारेटची विक्री बंद झाली. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना धावपटूचा दाखला दिला, कारण करिंथजवळच मोठ्या क्रीडास्पर्धा भरत असत. त्या स्पर्धकांना पानांचा साधा मुकुट मिळे आणि त्यासाठी ते कडक शिस्त पाळत.

एक गोष्ट आपणा वडीलधाऱ्यांसाठी. लग्नात, बारशाला "किती जाडी झालीस गं!" असे सहज बोलले जाते. सामन्यानंतर मुलाला "जिंकलास का?" एवढेच विचारले जाते. अशा शब्दांनी घायाळ झालेले मूल झटपट उपाय शोधते. त्याऐवजी त्याच्या घामाचे कौतुक करू या. ज्यांना सवय जडली आहे, त्यांना हिणवू नये. त्यांच्यासोबत संध्याकाळी चार पावले चालावे. तंबाखू सोडण्यासाठी शासनाची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे, तिचा क्रमांक त्यांना द्यावा.

शरीर ही देवाने आपल्या हाती सोपवलेली ठेव आहे. तिच्यात जे बळ आहे ते सावकाश वाढते, पण ते आपले स्वतःचे असते. ते वाढवण्याचा धीर प्रभू आपल्या सर्व युवक-युवतींना देवो.

आपले,
प्रमुख धर्मगुरू