प्रसादाला नाही म्हणावे का?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



मागच्या सत्संगानंतर भोजनसेवेच्या ग्रुपवर एक प्रश्न आला होता. पंगतीत कुणी प्रसादाला 'नको' म्हटले, तर तो प्रसादाचा अपमान होतो का? बऱ्याच जणांनी लगेच 'होतो' असे लिहिले. काहींनी नुसते हात जोडले. आम्ही त्या दिवशी काहीच लिहिले नाही, कारण हा प्रश्न आमच्या घरात दीड वर्षापासून रोज दोन वेळा ताटासमोर येऊन बसतो आहे. दोन ओळींत उत्तर देण्यासारखा तो राहिलेला नाही.

आमच्या धाकट्या जाऊबाईंचे मागच्या वर्षी फेब्रुवारीत वजन कमी करण्याचे ऑपरेशन झाले. वजन ११८ किलो, साखरेसाठी इन्सुलिन, गुडघे इतके दुखायचे की मंदिराच्या पायऱ्या चढता येत नव्हत्या, खालूनच नमस्कार करायची. हे सगळे तिला विचारून, तिच्या परवानगीनेच लिहीत आहोत. तीच म्हणाली, "लिहा ताई, कुणाच्या तरी घरी उपयोग होईल."

ऑपरेशन ठरले तेव्हा आम्ही घरातल्यांनी तोंडावर काही म्हटले नाही, पण पाठीमागे बोललो. खरे तेच सांगायचे तर आमचे म्हणणे असे होते की, इतकी वर्षे गुरुसेवा केली, नामस्मरण केले, मग जिभेवर ताबा का येऊ नये? पोट कापून आणलेला संयम हा काय संयम झाला? आम्हाला तो शॉर्टकट वाटत होता. आज आम्हाला त्या विचाराची लाज वाटते. का वाटते, ते पुढे लिहिले आहे.

तिचे झाले ते गॅस्ट्रिक बायपास. डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बसवून कागदावर चित्र काढून समजावले होते. जठराच्या वरच्या टोकाला एक छोटीशी पिशवी करतात. सुरुवातीला तिच्यात सुमारे ३० मिलिलिटर मावते, म्हणजे आपले दोन मोठे चमचे. ही पिशवी थेट पुढच्या आतड्याला जोडतात. बाकीचे जठर आणि आतड्याचा पहिला भाग पोटात तसाच राहतो, फक्त अन्न त्यातून जात नाही.

पहिले दोन आठवडे नुसते पातळ. वरणाचे गाळलेले पाणी, ताक, नारळपाणी, प्रोटीनची पावडर. तेही औषधाच्या कपाने, घोट घोट. मग घोटलेले वरण, दही, कुस्करलेले पनीर. मग मऊ खिचडी. साधारण दोन महिन्यांनी साधे जेवण सुरू झाले, तेही एका लहान वाटीभर. एकेक घास वीस-पंचवीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. ताटात आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर पोळीचा तुकडा. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रोटीन हवे. एका वाटी वरणात सहा-सात ग्रॅम येते, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. हा हिशेब आता आमच्या घरात दुधाच्या हिशेबासारखा तोंडपाठ आहे. शिवाय बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व यांच्या गोळ्या. त्या जन्मभर.

आणि हे सगळे कुठे, तर इंदूरमध्ये. जिथे सकाळ पोहे-जिलेबीने होते आणि रात्र सराफ्यात संपते. होळकरांच्या काळापासून इथे राहिलेल्या आपल्या मराठी घरांनी माळव्याची एक गोष्ट मनापासून उचलली, ती म्हणजे मनुहार. आपल्याकडे आग्रह होताच, इथे त्याला मनुहार मिळाली. पाहुण्याने तीनदा नाही म्हणायचे आणि आपण चौथ्यांदा वाढायचे. 'नाही' म्हणजे 'अजून वाढा' असाच त्याचा अर्थ. कुणी खरोखरच 'नाही' म्हणत असेल, तर ते ओळखायची सवयच आपल्याला राहिलेली नाही.

आता गुरुपौर्णिमेची गोष्ट. ऑपरेशनला पाच महिने झाले होते. जाऊबाई पंगतीत बसली होती. शिऱ्याचे पातेले आमच्याच हातात होते. तिने ताटावर आडवा हात धरला आणि हळूच म्हणाली, "ताई, कणभरच." शेजारी दोन ज्येष्ठ गुरुभगिनी बसल्या होत्या, त्या पाहत होत्या. आम्ही म्हणालो, "अगं, प्रसादाला नाही म्हणू नये. एवढ्याने काय होतंय?" आणि एक पळी भरून वाढला. साजूक तुपातला, केळे घातलेला, गोड शिरा. तिने आमच्याकडे एकदा पाहिले, खाली मान घातली आणि ताटात टाकायचे नाही म्हणून सगळा खाल्ला.

वीस मिनिटांत तिला दरदरून घाम फुटला. छाती धडधडायला लागली, पोटात कळा सुरू झाल्या. कोठीघरात गव्हाच्या पोत्यांना टेकून ती तासभर पडून होती. बाहेर आरती चालू होती. डॉक्टरांनी हे आधीच सांगितले होते. गोड एकदम आतड्यात उतरले की आतडे आजूबाजूचे पाणी ओढून घेते आणि असा त्रास होतो, त्याला डम्पिंग म्हणतात. ते सांगताना आम्ही तिच्या शेजारीच बसलो होतो. म्हणजे आम्हाला माहीत नव्हते, असे नाही. माहीत असून आम्ही वाढला.

जरा बरे वाटल्यावर ती एवढेच म्हणाली, "तुम्ही वाढलात म्हणून खाल्ला, ताई."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. आपण असे का केले, हे स्वतःलाच विचारत राहिलो. प्रसादाचा मान राखायचा होता म्हणून? मग तिने मागितला तेवढा कणभर वाढून मान राखला गेला नसता का? प्रसाद कधी पोटभर खायची वस्तू होता? तीर्थ आपण पळीभर घेतो, तांब्याभर घेत नाही. कणभर प्रसादात काही कमी असते, असे आपल्या कुठल्याच शिकवणीत नाही. खरे कारण वेगळे होते. दोन जणी पाहत होत्या आणि 'आमच्या हातचे आमच्याच घरच्या सुनेने नाकारले' हे आम्हाला नको होते. मान आमचा होता. आम्ही त्याला प्रसादाचे नाव दिले होते.

हे सासूबाईंना सांगितले. त्यांना अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली. त्यांचा पहिल्यापासून एकच हेका, की पानात टाकायचे नाही आणि वाढलेल्याला नाही म्हणायचे नाही. आम्हाला वाटले, त्या जाऊबाईलाच बोलतील. पण त्या जुने सांगायला लागल्या. १९६५-६६ च्या सुमाराचे दिवस. रेशनला रांगा, अमेरिकेहून आलेला लाल गहू, त्याच्या तुटणाऱ्या पोळ्या. शास्त्रीजींनी देशाला आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडायला सांगितले होते, तर त्यांच्या घरी सोमवारी संध्याकाळी चूल पेटत नसे. म्हणाल्या, "तेव्हा आम्ही पानात टाकत नव्हतो, कारण तो घास दुसऱ्या कुणाचा तरी होता. जिच्या पोटात जागा नाही तिला कोंबणं म्हणजे अन्नाचा मान नाही. ते टाकल्यासारखंच. कचऱ्यात टाकलं काय आणि तिच्या पोटात टाकलं काय."

उपनिषदात अन्नाची निंदा करू नये असे सांगितले आहे, ते आपण नेहमी ऐकतो. पण 'मला इतकेच पुरे' म्हणणे ही निंदा नव्हे. गीतेच्या सहाव्या अध्यायात तर भगवंतांनी स्पष्ट सांगितले आहे की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. युक्त आहार, म्हणजे ज्याला जेवढा जुळेल तेवढा. सगळ्यांचे माप एक असते असे तिथे कुठेच म्हटलेले नाही. आम्ही हा अध्याय कितीदा वाचला आहे! पण पळी हातात आली की सगळे विसरायला होते.

आता त्या शॉर्टकटच्या प्रश्नाकडे येतो.

पहिले काही महिने तिला भूकच लागत नव्हती. घड्याळ लावून जेवायची. वजन भराभर उतरत होते, इन्सुलिन सुटले. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळले, तेव्हा लोक म्हणाले, "किती उतरलीस, जरा खात जा." तेच लोक आधी म्हणत होते, "जरा कमी खात जा." आम्हालाही वाटत होते की बरे झाले, आता हिला काही करावेच लागत नाही, पोटच सांभाळते आहे.

दहाव्या महिन्यात एका रात्री पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघरात दिवा दिसला. जाऊबाई ओट्यापाशी उभी होती, हातात शेवेचा डबा. आम्हाला पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाली, "ताई, पोट म्हणतंय पुरे. मन म्हणत नाही. वरण-पोळी दोन घासांवर अडते, पण शेव तोंडात विरघळते, आईस्क्रीम तर पाण्यासारखं उतरतं. थोडं थोडं करत दिवसभर खाता येतं. पिशवीलाही फसवता येतं." डॉक्टरांनीही तिला सांगितले होते की असे तोंड चालू ठेवले, तर काही वर्षांत वजन परत चढते.

तेव्हा कळले. ऑपरेशन पोटाचे झाले होते, वासनेचे नाही. ते डॉक्टरांच्या हातातले नाहीच. संयम तिला ऑपरेशन थिएटरात मिळाला नव्हता. तो तिला रोज सकाळी नव्याने करावा लागतो. डब्यापाशी जाते, परत येते, कधी जिंकते, कधी हरते. आधी तिची लढाई फार विषम होती, आता जरा बरोबरीची झाली आहे एवढेच. चष्मा लावून पोथी वाचणाऱ्याला आपण 'तू खरे वाचत नाहीस' असे म्हणतो का? मग हिलाच का म्हणावे? आणि आम्ही? आमची पोटे धडधाकट आहेत, ऑपरेशन झालेले नाही. आम्ही कोणता संयम करतो? तिला पुरे म्हणता येते, आम्हाला वाढणे थांबवता येत नव्हते.

यातून एक गोष्ट आमच्या पदरात पडली. संयम फक्त जेवणाऱ्याने करायचा नसतो, वाढणाऱ्यानेही करायचा असतो. कदाचित तो जास्त अवघड आहे, कारण वाढताना आपण काही चूक करतो आहोत असे वाटतच नाही. उलट पुण्य वाटते.

घरात आम्ही काही गोष्टी बदलल्या. तिच्यासाठी वेगळे छोटे ताट आणि छोटा चमचा. ती अर्धा तास जेवते, तोवर कुणीतरी तिच्यासोबत बसून राहते, म्हणजे एकटीने रेटत जेवल्यासारखे होत नाही. शेवेचा डबा ओट्यावरून हलवला. तो तिच्या एकटीसाठी नाही, सगळ्यांसाठीच हलवला. पाहुणे आले की 'ती का खात नाही' याचे उत्तर तिला द्यायला लावत नाही, आम्हीच विषय बदलतो. एकादशीचे तिने डॉक्टरांना विचारले. निर्जळ आणि उपाशी राहायचे नाही असे त्यांनी सांगितले, तर त्या दिवशी ती एक माळ जास्त करते. सासूबाईंनी तेच मान्य केले आहे.

कुणी हे वाचून ऑपरेशन करावे किंवा करू नये, असे आम्हाला सुचवायचे नाही. ते ज्याचे त्याने आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवायचे. आमचे म्हणणे फक्त पंगतीपुरते आहे. आपल्या पंगतीत असे अनेक जण बसतात. कुणाला साखर आहे, कुणाला किडनीचा त्रास, कुणाचे पोट नाजूक, कुणाचे मनच ठिकाणावर नाही. प्रत्येकाने चारचौघांत आपली फाईल उघडून दाखवावी आणि मगच आपण पळी मागे घ्यावी, हे बरे नव्हे. 'नको' एवढे कारण पुरे असावे.

म्हणून भोजनसेवेतल्या भगिनींना एक विनंती आहे. येत्या गुरुपौर्णिमेला गोडाच्या पातेल्यात मोठ्या पळीसोबत एक छोटा चमचाही ठेवू या. वाढण्याआधी "किती वाढू?" असे विचारू या. ताटावर हात आडवा आला, तर एक कण वाढून, हसून पुढे जाऊ या. शिऱ्याच्या पंगतीला आम्हालाच उभे करा, अशीही विनंती आहे. मागच्या वर्षीची पळी आमच्या हातून एकदा नीट वाढली जायला हवी.

तर प्रसादाला नाही म्हणावे का? आम्हाला वाटते, प्रसादाला कुणी नाही म्हणतच नाही. म्हणतात ते आपल्या पळीला, आणि पळीचा अपमान होत नसतो.

काही चुकले-माकले असेल तर सांभाळून घ्यावे.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥

आपली एक गुरुभगिनी, भोजनसेवा, इंदूर