अल्पायुषी कारकीर्द आणि कर्माची पूर्णता

मनुष्याच्या कर्माचे मोल ते किती काळ टिकले आणि त्यातून काय निष्पन्न झाले यावर ठरावे, की ज्या क्षणी ते यथार्थपणे घडले त्या क्षणीच ते पूर्ण झालेले असते, हा प्रश्न आपल्याकडे यज्ञकर्माच्या निमित्ताने चर्चिला गेला. परंतु इंग्लंडात प्रीमियर लीग आणि फुटबॉल लीग यांच्या मिळून 92 क्लबांबाहेर, ‘नॉन-लीग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्षेत्रात आघाडीवर खेळणाऱ्यांचा विचार करू लागलो, की तो मला अधिक तीव्रतेने जाणवतो. दिवसभर गवंडीकाम, सुतारकाम किंवा कारकुनी करावी, संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात सराव करावा आणि शनिवारी थोड्याशा प्रेक्षकांपुढे बचावपटूंची कोपरे बरगड्यांवर झेलीत गोलाची वाट शोधावी, असा त्यांच्यापैकी अनेकांचा नेम. आणि गुडघ्यातला एखादा स्नायुबंध तुटला, की धड बहरूही न पावलेली कारकीर्द कायमची संपते.

यज्ञ तर घटकेत संपतो आणि फळ कालांतराने मिळावयाचे. मग मधल्या मुदतीत ते कर्म कोठे असते, या अडचणीवर मीमांसकांनी ‘अपूर्व’ नावाची अदृष्ट शक्ती कल्पिली. या कल्पनेस हेरेफर्ड युनायटेडचा दाखला लावून पाहावा. 5 फेब्रुवारी 1972 रोजी, एडगर स्ट्रीटच्या चिखलाने भरलेल्या मैदानावर, सदर्न लीगमधला हा क्लब एफए चषकाच्या तिसऱ्या फेरीचा फेरसामना पहिल्या श्रेणीतील न्यूकासल युनायटेडशी खेळत होता. माल्कम मॅकडोनल्ड यांच्या गोलाने पराभव मुक्रर झाल्यासारखा वाटत असता, पोटासाठी सुतारकाम करणारे रॉनी रॅडफर्ड यांनी दुरून प्रचंड फटका मारून बरोबरी साधली; आणि जादा वेळेत, बदली म्हणून उतरलेले आघाडीचे खेळाडू रिकी जॉर्ज यांनी पेनल्टी क्षेत्रात वळून मारलेला जमिनीलगतचा फटका गोलरक्षक विली मॅकफॉल यांच्या आवाक्याबाहेरून दूरच्या खांबाशी जाळ्यात शिरला.

पुढच्या फेरीत वेस्ट हॅमने, एका बरोबरीनंतर, जेफ हर्स्ट यांच्या तीन गोलांच्या बळावर हेरेफर्डची वाटचाल थांबविली. तथापि लीगमधला प्रवेश त्या काळी क्लबांच्या मतदानाने मंजूर होत असे, आणि त्याच वर्षी बॅरोच्या जागी हेरेफर्डला तो मंजूर झाला. 1976 साली तर तो क्लब दुसऱ्या श्रेणीपर्यंत चढला. हेच ते अपूर्व, असे मीमांसक म्हणेल. परंतु डिसेंबर 2014 मध्ये न्यायालयाच्या हुकुमाने त्या क्लबाचे विसर्जन झाले. तेव्हा फळावरच कर्माचे मोल अवलंबून असेल, तर जॉर्ज यांचा गोल त्या दिवशी मागाहून निरर्थक ठरला असे मानावे लागेल, आणि हे कोणाही विचारी मनुष्यास पटणार नाही.

मग गीतेच्या निष्काम कर्माकडे वळावे, तर तेथेही एक शंका उभी राहते. गोलाची इच्छाच नसलेला खेळाडू आघाडीवर खेळू शकेल काय? खचित नाही. माझ्या मते येथे लक्ष्य आणि फळ यांचा विवेक केला पाहिजे. चेंडू जाळ्यात जावा ही आकांक्षा कर्माच्या पोटातच असते, तिच्यावाचून ते कर्म त्या नावास पात्रच होत नाही. कीर्ती, बढती, मोठ्या क्लबाचा करार ही मात्र कर्माबाहेरची, इतरांच्या मर्जीवर आणि दैवावर सोपविलेली मिळकत होय. लक्ष्याविषयी तळमळ आणि मिळकतीविषयी अनासक्ती ही दोन्ही एकाच अंतःकरणात नांदू शकतात. नव्हे, लक्ष्याची तळमळ जितकी उत्कट, तितके मिळकतीचे भान त्या घडीपुरते आपोआप लोपते.

हा विवेक मान्य केला, म्हणजे ज्यांच्या वाट्यास एडगर स्ट्रीटची ती दुपार कधी आलीच नाही त्यांचाही न्याय करता येतो. तेविसाव्या वर्षी जायबंदी होऊन घरी बसलेल्या अनामिक खेळाडूला त्याच्या दुःखात ‘फळाची आशा धरू नकोस’ असे सुनावणे हे निष्ठुरपणाचे आहे, कारण त्याने जे गमावले ते खरोखरच मोलाचे होते आणि त्याचा शोक यथोचित आहे. परंतु त्या शोकामुळे त्याने आधी खेळलेले शनिवार रद्दबातल होत नाहीत. क्षणभंगवादी बौद्धांच्या म्हणण्याप्रमाणे सर्वच क्षणिक असेल, तर दीर्घ कारकीर्दही क्षणांहून निराळी नव्हे, आणि अल्प म्हणून कोणत्याही क्षणास कमी लेखण्याचा अधिकार कोणास उरत नाही. जे एकदा पूर्ण मनाने घडले ते ‘घडलेच नाही’ असे करण्याचे सामर्थ्य कोणत्याही न्यायालयात, दुखापतीत किंवा विस्मृतीत नाही. आणि अल्पायुषी कारकीर्दीला, माझ्या मते, याहून अधिक समर्थनाची गरज नाही.