रांगेतल्या माणसाचा वेळ

फोटोग्राफीचा छोटा धंदा करणाऱ्याला वेळेच्या नियोजनाचा सल्ला यूट्यूबवर ढिगाने मिळतो. पहाटे उठा, एकसारखी कामं एकत्र करा, एडिटिंगचे प्रीसेट बनवून ठेवा, फोन सायलेंटवर टाका. सल्ले वाईट नाहीत. पण सगळ्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: वेळ तुमचा आहे आणि वाया गेला तर नुकसान तुमचं. माझी शंका या गृहीतकाबद्दल आहे.

माझा मावसभाऊ डोंबिवली पूर्वेला लग्न-मुंजीचे फोटो काढतो. मी ठाण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, आणि शनिवार-रविवारी दादाचा दुसरा कॅमेरा असतो. शिवाय बॅकअप आणि ऑर्डरींची शीट माझ्याकडे. बाकी स्टाफ म्हणजे वहिनी आणि सीझनला रोजावर येणारे दोघं. कल्याण-डोंबिवलीत असे कितीतरी धंदे घरातल्या एका खोलीतून चालतात.

शूटिंगच्या दिवशी वेळेचा प्रश्न फारसा येत नाही, हे बाहेरच्यांना खरं वाटणार नाही. गुरुजींचा मुहूर्त ठरलेला असतो, हॉल कधी सोडायचा ते ठरलेलं असतं, अंतरपाट दूर होतो तो क्षण तुमच्यासाठी थांबत नाही. तिथे कोणीही वक्तशीर होतो. भानगड सुरू होते ती कार्ड लॅपटॉपला लावल्यावर.

१८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, त्या सुमारास ओल्या काचेवर फोटो काढायची पद्धत आली होती. काचेला रसायन लावायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटांत तिथल्या तिथे धुवायचा. बाहेर कुठे जायचं तर अंधारा तंबू सोबत न्यायचा. त्रास भयंकर, पण काम साचवायची सोयच नव्हती. काच वाळली की फोटो गेला. आता एका लग्नाचे तीन हजार फोटो निवांत कार्डवर पडून राहतात. त्यामुळे 'नंतर' नावाची जागा तयार झाली, आणि त्या जागेत ग्राहक बसलेला असतो.

अल्बम कधी मिळेल, असं कोणत्याही स्टुडिओत विचारा. 'पंधरा दिवसांत.' हे उत्तर गणिताने तपासता येतं. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे. दुकानाच्या भाषेत त्याचा अर्थ असा: चोवीस ऑर्डरी पडून आहेत आणि आठवड्याला दोन पुऱ्या होतात, तर आज आलेला माणूस बारा आठवडे थांबणार. पहाटे चारला उठलात तर कदाचित दहा. पंधरा दिवस कुठल्याच हिशेबात बसत नाहीत.

मग म्हणतात, 'काय करणार, सीझन आहे.' मला या कारणाची गंमत वाटते. चातुर्मासातले काढीव मुहूर्त सोडले तर लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात, हे महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. १९७३ पासून निघणारं कालनिर्णय विवाह मुहूर्तांच्या तारखा आधीच छापून देतं. आमच्या सर्व्हरवर येणाऱ्या ट्रॅफिकचं असं वेळापत्रक कोणी वर्षभर आधी स्वयंपाकघरात टांगून दिलं असतं, तर आम्ही पेढे वाटले असते. तुंबणार हे माहीत असताना घेतलेला ॲडव्हान्स आणि अचानक आलेली अडचण यांना एकाच शब्दाने हाक मारू नये.

पण उशिरापेक्षा मला जास्त छळतं ते हे, की उशीर सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही.

इंजिनीअरिंगला ऑपरेटिंग सिस्टिम्स शिकलेल्यांना ही दंतकथा आठवेल. एमआयटीतला आयबीएम ७०९४ संगणक १९७३ मध्ये बंद केला, तेव्हा त्यात १९६७ साली दिलेलं एक काम सापडलं म्हणे. त्याचा प्राधान्यक्रम खालचा होता. दरवेळी कोणीतरी वरचं पुढे घुसलं, आणि याचा नंबर सहा वर्षं लागलाच नाही. वर्गात आम्ही हसलो होतो. शीट सांभाळायला लागल्यावर दिसलं की अशी कामं इथेही असतात. जो रोज फोन करतो त्याचा अल्बम आधी. ज्याने बॅलन्स अडवून ठेवलाय त्याचाही आधी, कारण पैसे तिथून सुटायचे असतात. आणि ज्या काकांनी लग्नाच्या संध्याकाळीच हॉलमध्ये पूर्ण पैसे मोजून 'सावकाश द्या' म्हटलं, ते खरोखर सावकाशीत जातात. चांगुलपणाची शिक्षा म्हणायला हरकत नाही. (ग्राहकही साधे नसतात. दीडशे फोटो निवडायला सहा महिने लावतात आणि सातव्या महिन्यात 'उद्याच हवाय' म्हणतात. तो काळ मी शीटमध्ये वेगळा धरतो.)

एक्सप्रेस चार्जचं काय? जास्त पैसे द्या, आठ दिवसांत अल्बम घ्या. दादाचं म्हणणं, दोघं राजी असतील तर तिसऱ्याला काय? पण तिसरा आहे. जास्तीच्या पैशांतून एखादा एडिटर लावला तर कोणाचंच बिघडत नाही. तेच हात, तेच तास असतील तर पुढे काढलेला प्रत्येक अल्बम मागच्या सगळ्यांना थोडं थोडं मागे ढकलतो. म्हणजे विकला तो वेळ दादाचा नव्हता. तो त्या काकांचा होता, आणि त्यांना कोणी विचारलं नाही. रेल्वेच्या तत्काळवर आपण कितीही चिडलो, तरी त्याचा कोटा वेगळा काढलेला आणि आधी जाहीर असतो. कन्फर्म तिकीटवाल्याला उठवून तिथे तत्काळवाल्याला बसवत नाहीत.

म्हणजे रांग कधीच मोडू नये का? एका मुलीचा फोन आला होता. आजी गेली. लग्नातल्या ग्रुप फोटोत ती शेवटची नीट हसली होती, आणि तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो हवा होता. दादाने हातातलं टाकून रात्रीत तो वेगळा काढून दिला. हे बरोबर आणि एक्सप्रेस चूक, असं मी कशावरून म्हणतो? टी. एम. स्कॅनलन हे अमेरिकन तत्त्वज्ञ म्हणतात की नियम असा हवा, जो कोणाला वाजवी कारणाने नाकारता येणार नाही. मी ते फोनवर तोलून बघतो: रांगेतल्या चोवीस जणांना विचारलं असतं, तर आजीच्या फोटोला कोण नाही म्हणालं असतं? आणि कोणाच्या तरी इन्स्टाग्रामच्या घाईला कोण हो म्हणालं असतं?

या चोवीसांत वहिनी नाही. अल्बमची पानं रात्री अकरानंतर ती लावते, मुलाला झोपवून. सीझनमध्ये तिचे किती तास जातात, याचा रकाना शीटमध्ये नव्हता. मी तो टाकला तेव्हा ती म्हणाली, "भाऊजी, रकाना टाकून झोप मिळते का?" याला माझ्याकडे उत्तर नाही. दादाने मात्र त्या आठवड्यात एडिटरचे दर विचारायला दोन फोन केले.

दादाची अडचणही खोटी नाही. आपण खरे बारा आठवडे सांगायचे आणि शेजारचा 'पंधरा दिवस' म्हणणार. मग ऑर्डर शेजारी. यंदा त्याने तरीही पावतीवर रांगेतला नंबर लिहायला सुरुवात केली. जो जास्त थांबला त्याचा क्रम दर आठवड्याला आपोआप वर सरकतो, एवढं मी शीटमध्ये केलंय. दोन बुकिंग गेली. एका मुलीचे वडील पावती हातात धरून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "एकोणीस. म्हणजे माझ्या आधी अठरा जण." आणि खिशातून ॲडव्हान्स काढला.